पिल्लांना लाईट गेल्याचं कळलं नाही

भुकूमच्या गोजराबाई ओव्हाळांच्या घरात वीज नव्हती, पण गावातली लाईट गेली की सगळ्यांत आधी त्यांना कळायचं.

पुण्याच्या वाळिंबेसाहेबांनी १९७७ साली गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला, अंडी उबवायची हॅचरी काढली. आत कपाटाएवढाली मशीनं होती. मशीनमध्ये हजारो अंडी, त्यांना एकसारखी ऊब आणि पंख्याची हवा. कोंबडी हेच काम लाईटशिवाय करते, असं गावातल्या म्हाताऱ्यांनी साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, कोंबडीला एका वेळी डझनभरच जमतात.

गोजराबाई तिथे सकाळची पाळी करायच्या. अंडी पुसून ट्रेमध्ये लावायची, फुटकी बाजूला काढायची. इंजिनाचं काम भिवाजीकडे होतं. लाईट गेली की तो हँडल मारून डिझेलचं इंजिन चालू करायचा, आणि ते इंजिन त्याच्याशिवाय कुणाला दाद द्यायचं नाही. अडचण एवढीच होती, की लाईट जायची तेव्हा भिवाजी बहुतेक वेळा आपल्या वावरात असायचा. म्हणून साहेबांनी लाईट गेली की आपोआप वाजणारी, बॅटरीवरची घंटा आणली. हॅचरीच्या जवळचं आणि भिवाजीच्या वावराला लागून असलेलं घर गोजराबाईंचं. तार कुंपणावरून तिथवर नेली आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली घंटा ठोकली.

घंटा वाजली की गोजराबाई दारात येऊन हाक मारायच्या. भिवाजी विळा टाकून पळायचा.

हळूहळू या घंटेवर गावही चालायला लागलं. गिरणीला निघालेल्या बाया डोक्यावर डबा घेऊन आधी त्यांच्या दारात थांबायच्या.

"गोजरे, वाजली का गं?"

"मगाशीच वाजली."

बाया डबा घेऊन माघारी फिरायच्या. गोजराबाईंचा नवरा दामू म्हणायचा, आपल्या घरी लाईट येत नाही, नुसती जाते.

पाच वर्षं असं चाललं. मग एका दुपारी लाईट गेली आणि घंटा वाजली नाही. गोजराबाई घरात लसूण सोलत होत्या. भिवाजी बांधावर आडवा झाला होता. हॅचरीतल्या दुपारच्या बायकांना वाटलं, घंटा वाजली असेल, भिवाजी येतच असेल. तो आला तोवर दोन तास उलटले होते. पंखे बंद पडल्यावर त्या दिवशी अंड्यातून बाहेर येऊ घातलेली पिल्लं आतल्या आत घुसमटली. सगळी खेप गेली.

संध्याकाळी साहेब आले. त्यांनी आधी मशीनं पाहिली, मग गोजराबाईंना बोलावलं.

"गोजराबाई, घंटा वाजली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"घंटा वाजली न्हाई, सायेब."

"लाईट दोन तास गेली होती."

"गेली आसंल. माझ्या घरात कुटं दिवा हाय, मला कळायला?"

साहेबांनी घंटा पाहिली, तार पाहिली, शेवटी बॅटरी पाहिली. तिच्या टोकांवर हिरवट पांढरा थर चढला होता आणि आतलं पाणी आटलं होतं. पाणी भिवाजी घालतो, असं साहेब समजत होते. भिवाजी समजत होता, साहेबांचा माणूस येऊन घालतो. गोजराबाईंना बॅटरी पाणी पिते हेच त्या दिवशी कळलं.

साहेब कुणाला काही बोलले नाहीत. गोजराबाईंना मात्र वाटत राहिलं, की त्यांना आपलं खरं वाटलेलं नाही. मेलेली पिल्लं पाट्यांत भरून पुरायला नेली, तेव्हा त्या खड्ड्याशी शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. रात्री त्यांना जेवण गेलं नाही. दामू म्हणाला, "कोंबड्याच त्या." त्या म्हणाल्या, "व्हय, कोंबड्याच," आणि ताट सारलं.

पुढच्या महिन्यात पुण्याहून सोमनाथ नावाचा फिटर राखाडी रंगाची लोखंडी पेटी घेऊन आला. त्याने इंजिन हँडलशिवाय चालू व्हावं म्हणून सेल्फ बसवला, पेटी भिंतीला लावली आणि सगळ्यांना समोर उभं केलं.

"ही सारखी लाईनवर नजर ठेवून असते," तो म्हणाला. "लाईट गेली, नाहीतर फारच उतरली, की आपणच इंजिन चालू करते. इंजिन नीट लागलं की मशीनं त्याच्यावर टाकते. लाईट परत आली तरी लगेच भुलत नाही. जरा थांबते, खात्री करते, मग लाईनवर घेते. मधल्या वेळात सेल्फची बॅटरी चार्ज करत राहते. आणि बॅटरी कमजोर व्हायला लागली, की हा पिवळा दिवा लावते."

गोजराबाई पुढे झाल्या. "म्हंजी बंद पडायच्या आधीच सांगती?"

"हो."

"शानी हाय."

"आन् म्या काय करायचं?" भिवाजीने विचारलं.

"तुम्ही आहातच की," साहेब म्हणाले. भिवाजीला हे उत्तर पुरलं नाही.

सोमनाथने त्याला काम दिलं. दर सोमवारी मेन स्विच खाली ओढायचा आणि इंजिन आपोआप लागतं का ते बघायचं. भिवाजी तयार होईना.

"चालू हाय त्ये बंद कशापायी करायचं?"

"वेळेला चालेल का, ते अवेळीच बघायचं असतं, दादा."

भिवाजीने स्विच ओढला. मशीनं गप्प झाली. मग इंजिन खोकललं, लागलं, पेटीत खाडकन आवाज झाला आणि पंखे फिरायला लागले. एवढ्या वेळात भिवाजीचं हँडल खुंटीवरून खालीही आलं नसतं. तो इंजिनाकडे असा बघत होता, जणू पोरगी लग्नाआधीच परक्याची झाली.

घंटा गोजराबाईंच्या भिंतीवरून उतरवली. गिरणीवाल्या बाया सवयीने दारात थांबत राहिल्या. "मला काय ठावं?" असं सांगताना गोजराबाईंना अवघड व्हायचं. महिनाभरात बायांनी थांबणं सोडलं.

साहेबांनी गोजराबाईंना पिवळ्या दिव्यावर नजर ठेवायचं आणि बॅटरीत पाणी घालायचं काम दिलं. पाण्याचं काम आता कुणाचं, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. ज्या संध्याकाळी बोलावून विचारलं होतं, तिच्याबद्दल साहेब कधी काही बोलले नाहीत, पण गोजराबाईंनी याचा अर्थ लावला आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या. सोमवारी भिवाजी स्विच ओढायचा आणि गोजराबाई दिवे बघायच्या. दोन वर्षांत एकदा पिवळा दिवा लागला. त्यांनी सांगितलं, नवी बॅटरी आली. यापलीकडे काही घडलं नाही.

१९८५च्या उन्हाळ्यात पौड रस्त्याच्या वळणावर खडीचा ट्रक विजेच्या खांबाला धडकला. खांब आडवा झाला, तारा रस्त्यावर आल्या. पेटीने आपलं काम केलं. हॅचरीत त्या दिवशी पिल्लं बाहेर यायची होती आणि ती बाहेर यायला लागली. बायका दुपारच्या भाकऱ्या खायला बसल्या, तेव्हा गोजराबाई इंजिनाच्या खोलीत गेल्या आणि टाकीत काठी बुडवून पाहिली. मग भिवाजीला हाक मारली.

"दादा, डिझेल दिवस मावळायच्या आत संपतंय."

"ड्रमात आसंल की."

ड्रम रिकामा होता. साहेब जीप घेऊन नाशिकला लग्नाला गेले होते. पेटीवरचे सगळे दिवे हिरवे होते. भिवाजी तिच्यासमोर उभा राहिला.

"जा की आता पंपावर," तो पेटीला म्हणाला.

पेट्रोलपंप घाटापलीकडे पिरंगुटला. एसटी आली, पण कंडक्टर ड्रम बघूनच दार लावायला लागला. शेवटी गावातल्या कुशाबाची बैलगाडी मिळाली. रिकामा ड्रम गाडीत गडगडायचा, म्हणून एका बाजूने भिवाजी आणि दुसऱ्या बाजूने गोजराबाई धरून बसल्या. घाट चढताना बैल दमले, तशी दोघं खाली उतरून ड्रम धरून चालायला लागली. वर पोचल्यावर गोजराबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. स्वतः प्याल्या आणि सवयीने बाटली परत ठेवायला लागल्या.

"दे हिकडं," भिवाजी म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"दे की. लई तहान लागली."

ओव्हाळांच्या घरचं पाणी भिवाजी तोवर कधी प्याला नव्हता. त्याने बाटली तोंडाला लावली, रिकामी केली आणि परत दिली. कुशाबा बैलांकडे बघत होता. बैलांत बघण्यासारखं काही नव्हतं.

पंपावरच्या माणसाने हॅचरीच्या नावावर डिझेल दिलं. उताराला भरलेला ड्रम पुढे बैलांवर येऊ नये म्हणून भिवाजीने पाठ लावली. दिवस कलताना ते हॅचरीत पोचले. इंजिन अजून चालू होतं. डिझेल ओतलं. आत पिल्लांचा किलबिलाट चालला होता. गोजराबाईंनी एक ट्रे ओढून पाहिला. पिवळी, ओलसर, एकमेकांच्या अंगावर पाय देणारी पिल्लं. त्यांनी ट्रे आत ढकलला आणि मग कितीतरी वेळ तिथेच भिंतीला टेकून बसल्या. भिवाजी दाराशी बसला होता. त्याच्या सदऱ्याला डिझेलचा वास येत होता.

"निघाली का समदी?" त्याने विचारलं.

"निघत्यात."

साहेब दोन दिवसांनी आले. खांब उभा राहिला होता.

"काही विशेष?"

"न्हाई," गोजराबाई म्हणाल्या. "डिझेल संपलं हुतं, आणलं."

कसं आणलं, ते साहेबांना कुशाबाकडून कळलं. त्यांनी दुसरा ड्रम घेतला आणि सोमनाथला बोलावून डिझेल कमी झालं की पेटणारा लाल दिवा बसवून घेतला. भिवाजीने विचारलं, ही आता पिरंगुटला जाईल का? सोमनाथ म्हणाला, एवढ्यात नाही. भिवाजीला बरं वाटलं. त्यानंतर ड्रम त्याने कधी निम्म्याखाली जाऊ दिला नाही.

१९८८ साली साहेबांनी हॅचरी उरवड्याला मोठ्या जागेत नेली. भिवाजी एवढ्या लांब जायला तयार नव्हता. गोजराबाई सकाळच्या एसटीने जायला लागल्या. तिथे दोन इंजिनं होती आणि दोन पेट्या. पहिल्या दिवशी तिथल्या एका पोरीने विचारलं, "मावशी, तुमचं काम काय?"

"सोमवारी लाईट घालवायची," त्या म्हणाल्या, आणि डबा कुठे ठेवायचा ते विचारलं.