पेरूचं नाणं

सौदीतल्या हुफूफ शहरातल्या चांदीच्या दुकानात वहाबला बावीस वर्षं झाली, तरी कफील, म्हणजे त्याला व्हिसा देणारा मालक, त्याला ‘सदीक’ अशीच हाक मारायचा. सदीक म्हणजे दोस्त. कुठल्याही परदेशी नोकराला मारतात ती हाक. आता दागिन्यांच्या दुकानात सौदी माणूसच हवा असा हुकूम निघाला आणि मैमुना आली. चाळिशीची विधवा, जिभेची गोड. महिनाभर तिला शिकवायचं आणि रत्नागिरीची वाट धरायची. खलास.

वहाबनं तिला चांदीचा कस लावायला शिकवलं, घडणावळ शिकवली. गिऱ्हाईक बायका तिच्याकडे वळू लागल्या, तेही गिळलं. मग एके दिवशी तिनं काचेखालच्या नाण्यावर बोट ठेवलं. “याची काय गोष्ट?”

ते नाणं वहाबनं एका जुन्या हारातून सोडवलेलं. पुस्तक मागवून त्यानं वाचलं होतं : पेरू देशानं स्वातंत्र्य पुकारलं, ‘स्वतंत्र पेरू’ असं कोरून नाणी पाडली. दोन वर्षांत स्पेनच्या राजाच्या फौजेनं राजधानी परत घेतली आणि त्याच नाण्यांवर मुकुटाचा ठसा हाणला. दुकानातली एवढी एकच गोष्ट त्याची स्वतःची होती; ती तिला द्यायची नव्हती.

“स्वतंत्र झाल्यावर लोकांनीच हौसेनं मुकुट मारला,” तो म्हणाला.

घरी बायको अमिरुन्निसा हसली. “पेरूचं नाणं? मग फणसाचंही असंल! आणि सारखं मैमुना, मैमुना. सवत आणलीव काय दुकानात?”

“गप बस.”

गुरुवारी धाहरानहून कमलाकर साहेब आले. मूळचे नाशिकचे इंजिनियर, नाण्यांचे शौकीन. नाणं बघताच त्यांनी भिंग काढलं. वहाब पुढे सरसावला, तोवर मैमुनानं सुरुवातही केली. हात हलवत, रंगवून, हौसेच्या मुकुटापर्यंत तिनं सगळं सांगितलं आणि वहाबकडे मान वळवली. “मला उस्तादांनी शिकवलं.”

उस्ताद! बावीस वर्षांत प्रथमच.

कमलाकरांनी भिंग खाली ठेवलं. मराठीत हळूच विचारलं, “वहाबभाई, मुकुट तर राजाच्या लोकांनी मारला ना? हे तुम्ही शिकवलंत?”

‘नाही, तिनंच घोटाळा केला,’ हे ओठांवर आलं होतं. मैमुना कौतुकानं बघत होती. खरं सांगितलं तर ‘उस्ताद’ हा शब्द परत जाईल, अशी वहाबला भीती वाटली.

“मीच चुकीचं सांगितलं,” तो आधी मराठीत म्हणाला, मग अरबीत. आणि नाणं उचलून पहिल्यापासून खरं सांगू लागला.

मैमुना एकेक शब्द टिपून घेत होती. पुढच्या महिन्यात ती हे आपल्यापेक्षा छान सांगणार, हे त्याला दिसत होतं. तरी त्यानं काहीही गाळलं नाही.