आधी ऊब

बाळ हातात घेण्याआधी आक्का तळहातावर तळहात चोळायच्या. भर मे महिन्यातसुद्धा. भिगवणजवळ हायवेला लागून आमचं लहानसं प्रसूतिगृह आहे. तिथं त्या मुख्य नर्स होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची. पेशंट त्यांना सिस्टर म्हणत, आम्ही आक्का. हात चोळून झाले की ठरलेलं वाक्य यायचं, "आदी ऊब, मग बाकीचं."

बाकीचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे बाळ जन्मलं की दाराबाहेरून प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. वजन किती, नाक कुणाचं, कुंडलीला नेमकी वेळ कोणती. आक्का कुणालाच दाद द्यायच्या नाहीत. बाळ रडलं, डॉक्टरांनी मान हलवली, की त्याला कोरडं पुसून तसंच उघडं आईच्या उघड्या छातीवर पालथं घालायचं, दोघांवर मिळून एक पांघरूण, आणि तासभर कुणी मध्ये कडमडायचं नाही. समस्त आजीमंडळींची रवानगी बाहेरच्या बाकावर.

काटेवाडीच्या एक आजी मात्र बाकावर बसणाऱ्यातल्या नव्हत्या. आमची पाठ वळली तेवढ्यात त्यांनी आत शिरून नातवाला झबलं, टोपडं, स्वेटर सगळं चढवलं, वर दुपट्यात आवळलं आणि ते गाठोडं सुनेच्या छातीवर ठेवून दिलं. ठेवलं की छातीवर, अजून काय पाहिजे, असा वर सवाल. शिवाय कमरेला मधाची डबी. पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं आणि बाळाला मध चाटवायचा, असा बेत. आक्कांनी गाठोडं सोडता सोडता शांतपणे विचारलं,

"आजी, गाय व्याली की चीक आदी कुणाला पाजता?"

"वासराला. न्हायतर ते जगंल का?"

"मग ह्यानं काय घोडं मारलंय?"

आजींना हसू फुटलं. डबी कमरेलाच राहिली. थोड्या वेळानं नातू मान डोलवत, सरकत सरकत आपला आपण दुधाला लागला, तेव्हा सगळ्यात जास्त कौतुक त्यांनाच.

असा आक्कांचा दरारा. आणि मग त्यांची स्वतःची लेक आमच्याकडे बाळंतपणाला आली, तारखेच्या जरा आधीच.

डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं की आज तुम्ही सिस्टर नाही, नुसती आई. तिथंच घोटाळा झाला. सिस्टर असत्या तर त्या जागच्या हलल्या नसत्या. आई झाल्यावर त्यांनी ग्लोव्हजचा खोका सांडला, लेकीच्या आधी स्वतःच कळा दिल्या. नात झाली. अंगानं चिमुकली, पण रडली खणखणीत. डॉक्टर म्हणाले, छान आहे, द्या आईकडे. मी तिला पुसून लेकीच्या छातीवर ठेवते, तोच आक्कांनी हात पुढं केला.

"लई बारकी हाय गं. काचेच्या पेटीत ठिवू या. मला एकदा नीट बघू तरी दे."

दुसऱ्या हातात पिशवी. तिच्यातून टोपडं डोकावत होतं आणि, खोटं सांगत नाही, मधाची डबी. लेकीच्या सासूबाईंनी दिलेली, आक्कांना नाही म्हणवलं नसणार. लेकीनं बाळ घट्ट धरलं आणि रडवेली होऊन माझ्याकडे बघितलं. बाळाचे पाय गार होते आणि आक्कांचे हात त्याहून गार.

"आक्का, आदी ऊब," मी म्हणाले. "तुमी बाहेर बाकावर बसा."

आता आपली काही खैर नाही, असं मला वाटलं. मग "व्हय की," एवढंच म्हणून त्या बाहेर गेल्या.

पांघरुणाखाली नात हळूहळू ऊब धरू लागली. दोनदा तिनं मान उचलली, दोनदा टाकली. मग एकदाचा चुटूचुटू आवाज आला आणि लेक रडता रडता हसायला लागली. मी सांगायला बाहेर धावले.

आक्का आता निवृत्त होऊन इंदापूरला लेकीजवळ असतात. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः बाकावर एखादी आजी चुळबुळत बसलेली दिसली की. नात झाली त्या दिवशी आक्काही तिथंच बसल्या होत्या. मधाची डबी पिशवीतच होती, आणि कुणी आत बोलवायच्या आधीच त्या तळहातावर तळहात चोळत होत्या.