ताईच्या हळदीची गाणी

शेजारच्या मांडवातून ओल्या हळदीचा वास आला आणि मला ताईची हळद आठवली. ऑपरेशनमुळे आई तेव्हा मुंबईच्या हॉस्पिटलात होती. आमच्या मसोलीत तिच्याशिवाय हळदीची गाणी होतच नसत. मी घरच्या कॉम्प्युटरला माइक जोडला, आवाज थेट इंटरनेटवर सोडला आणि आईजवळ बसलेल्या मामाला लिंक पाठवली.

"तिला ऐकू जाईल?" काकीने विचारलं.

"जाणारच," मी म्हणाले.

पहिलं गाणं संपलं आणि मामाचा फोन आला. बोलत होती आई. "अगं, गाण्यात मामाचं नाव घ्यायचं राहिलं. इथे रुसून बसलाय तो. परत म्हणा!"

बायका हसत हसत पुन्हा गायल्या. तेव्हा मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं. आता कळतं, खाटेवर पडल्या पडल्या ती हळद आईनेच पार पाडली.