पाद्रीणबाईंसाठी ठेवलेली खोली

पाद्रीणबाई बसल्या आहेत असं एकही दृश्य मला आठवत नाही. जेवायच्या त्या ओट्याशी उभ्या राहून, फोनवर बोलायच्या जिना चढता-उतरता, आणि प्रार्थना तर चक्क बटाटे सोलताना. देवाशीही त्या सरकारी खिडकीवर उभ्या असल्यासारख्या बोलत. "बापा, वरच्या मजल्यावरच्यांचं काम अजून झालेलं नाही. मागच्या आठवड्यातही सांगितलं होतं. जरा बघ." मग सुरी धुऊन पुढच्या कामाला. त्यांच्याकडे नुसतं बघूनही मला दम लागायचा.

मूळच्या त्या नगरच्या. ऐन तारुण्यात नर्स म्हणून जर्मनीत, बॉनला आल्या, इथल्याच एका पाद्र्याशी लग्न केलं, म्हणून माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, त्यांचं नाव पाद्रीणबाई ठेवलं. तोंडावर अर्थात मावशी. चर्चमागचं जुनं पाद्र्याचं घर त्या चालवत आणि राहतही तिथेच. ज्यांचं छप्पर गेलंय अशा कुटुंबांनी तिथे काही महिने राहायचं, सावरायचं आणि स्वतःच्या घरात जायचं. अशा ठिकाणी कोथरूडचं, दोन लॅपटॉपवालं कुटुंब काय करत होतं, असा प्रश्न कोणालाही पडेल. मला तर रोज सकाळी डोळे उघडले की पडायचा.

झालं होतं असं. ओळखीचा एक मराठी माणूस पुण्याला परत चालला होता. "माझा फ्लॅट तुम्हीच घ्या, मालकाशी बोललोय," म्हणाला. आपला माणूस, गणपतीत आरतीला शेजारी उभा राहणारा. त्याच्याकडे कागद कसा मागायचा? आम्ही आमचं घर सोडायची नोटीस देऊन मोकळे झालो. मालकाने फ्लॅट भलत्यालाच दिला आणि त्याच सुमारास मिलिंदची नोकरी गेली. पगार नाही म्हटल्यावर दुसरा कोणी मालक दारात उभं करेना.

पाद्रीणबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसल्या. "पुण्याचे ना गं तुम्ही? आणि तोंडी शब्दावर गेलात?" मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या हातात सोलाणं दिलं. "रड, पण हात रिकामे कशाला? गाजरं घे." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "चर्चला आता माणसं येत नाहीत, हे घर विकायला काढलंय. सप्टेंबरअखेर मी कुलूप लावणार. त्याआधी इथल्या प्रत्येकाला स्वतःचं दार मिळालं पाहिजे. तेव्हा उद्यापासून नाही, आत्तापासून शोधायचं."

त्या घरात पडदे लावायला बंदी होती. मी एकदा ओढणी खिडकीला अडकवली, तर पाद्रीणबाईंनी ती काढून, घडी करून माझ्या हातात दिली. "पडदा लागला की माणूस मुक्काम करतं. इथे मुक्काम नाही करायचा." मला भयंकर राग आला. आमच्या गणपतीच्या बाबतीत मात्र उलट. तो अजून खोक्यातच आहे कळल्यावर म्हणाल्या, "अगं, बाहेर काढ त्याला, गुदमरेल! त्यालाही सांग घर शोधायला. माझा देव एकटा किती पुरणार?"

नकारांमागून नकार आले तसा मिलिंद दाढी करेनासा झाला. दिवसभर छताकडे बघत पडायचा. पाद्रीणबाई दारात आल्या. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. उठा मिलिंदराव, तळघरातल्या सायकली दुरुस्त करायच्यात." त्याने सायकली केल्या, मग गळके नळ केले. घर बघायला जायच्या आधी त्या आम्हाला स्वयंपाकघरात उभं करून तालीम घ्यायच्या. स्वतः मालक व्हायच्या, आणि इतक्या खडूस मालक, की खरे मालक त्यापुढे सोपे वाटावेत. "आल्झो, तर मग, तुमची नोकरी का गेली? हसू नका. हसलं की वाटतं काहीतरी लपवताय."

एवढी घाई त्यांना का, हे वरच्या मजल्यावरच्या समीराकडून कळलं. समीरा सीरियाची, दोन मुलांना घेऊन एकटी राहणारी. ती म्हणाली, हे एकेकाळी ओमाचंच घर होतं. ओमा म्हणजे आजी. आमची मुलगी ईरा धरून तिथली सगळी पोरं त्यांना तसंच म्हणत. त्यांचा पाद्री नवरा वारला तेव्हा घर नव्या पाद्र्याला हवं होतं. पाद्रीणबाई लहान मुलांना घेऊन ज्या घरातून बाहेर पडल्या, तेच पुढे ओस पडल्यावर त्यांनी चर्चकडे बेघरांसाठी मागून घेतलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "जुनी गोष्ट. फोन कर, ती बाई पाचपर्यंतच उचलते."

मिलिंदला नोकरी लागली आणि ऑगस्टमध्ये आम्हाला घर मिळालं. लेखी. इतर कुटुंबंही गेली. उरली समीरा आणि पाद्रीणबाई. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांसाठी दारं शोधणाऱ्या या बाईने स्वतःसाठी एकही फोन केलेला नाही. मुलं लांबच्या गावी, त्यांच्याकडे जायचं नाही हे पक्कं. मी भांडलेच. "आमच्याकडे एक छोटी खोली आहे. तुम्ही येताय." बरेच दिवस "बघू" चाललं. शेवटी एकदा म्हणाल्या, "बरं बाई. ती खोली माझी. ठेव."

आम्ही वेड्यासारखे कामाला लागलो. मिलिंदने न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. ईराने दारावर चित्र चिकटवलं. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी बेल वाजली, मी धावत दार उघडलं. दारात समीरा, तिची दोन मुलं आणि बॅगा. "ओमाने सांगितलं, इथे आमची खोली आहे."

"ओमा कोम्ट निश्ट?" ईराने विचारलं. ओमा येणार नाही? मी फोन लावला.

"मावशी, ती खोली तुमच्यासाठी होती!"

"माझी ना? मग मी दिली तिला."

"आणि तुम्ही?"

"मला काय, एक पलंग कुठेही मिळतो. तिला तीन लागतात. मुलांना खायला दिलंस का? आधी ते बघ."

समीरा ईस्टरपर्यंत राहिली आणि मग तिच्या स्वतःच्या घरी गेली. पाद्रीणबाई आधी एका मैत्रिणीकडे, मग एका वृद्धाश्रमात होत्या. प्रत्येक फोनवर मी "आता तरी या" म्हणायचे आणि त्या नवंच कोणाचं तरी काम सांगायच्या. त्यानंतरच्या फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. चर्चमध्ये त्या घरात राहून गेलेले आम्ही सगळे जमलो होतो. प्रत्येकाला वाटत होतं, त्यांनी आपल्याकडे यायला हवं होतं. प्रत्येकाने तसं सांगूनही पाहिलं होतं. सगळे रडत होते. मीही रडले, पण रागाने. एक रात्र तरी राहायला यायचं होतं, मावशी. एक रात्र.