घाटात आईच्या हाती जीप

तापलेल्या कॅनव्हासचा वास आला की मला साठच्या दशकातलं जयपूर आठवतं. बाबा लष्करात होते आणि त्यांनी कॅनव्हासच्या टपाची एक जुनी जीप लिलावात घेतली होती. एका रविवारी आई, बाबा आणि मी नाहरगडामागच्या दगडधोंड्यांच्या घाटातून निघालो. अर्ध्या चढावर वाटेतला धोंडा बाजूला करायला बाबा उतरले आणि त्यांच्या कमरेत अशी उसण भरली की सरळ उभंही राहवेना. शेजारी खोल दरी, गाडी वळवायला जागा नाही, आणि आईनं तोवर जीप फक्त मैदानात चालवलेली. "तुला जमेल?" बाबांनी विचारलं. "तुम्ही मागे बसा, आणि काही शिकवू नका," असं म्हणत तिनं पदर खोचला आणि चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला. जीप गुरगुरत, डुलत त्या धोंड्यावरून चढू लागली. चाकांखालचे दगड दरीत गडगडले, मी बाबांचा शर्ट घट्ट धरला. माथ्यावर पोचल्यावर आई हसली आणि तिनं थर्मास उघडला. चहा पिऊन तासभर पाठ टेकल्यावर बाबा चांगले हिंडूफिरू लागले, तरी उतरताना ते आपणहून मागेच जाऊन बसले. आईनं कमावलेलं चाक त्यांना तिच्याकडून परत घ्यायचं नव्हतं, हे मला माझा संसार सुरू झाल्यावर कळलं.