ती आधी ‘घरी येते’ म्हणाली होती

गावरान कोंबड्यांच्या धंद्यात मला वीस वर्षं झाली. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवरून आणि हिर्डोशीच्या अंगानं कोंबड्या उचलायच्या, हायवेच्या ढाब्यांना द्यायच्या. पहिली पाच वर्षं डोक्यावर कोंबड्यांचं डालगं घेऊन चालले. आता टेम्पो आहे, माझ्या नावावर. या धंद्यात पहिल्या महिन्यातच एक गोष्ट शिकावी लागते. समोरचा पहिल्यांदा बोलतो ते शेवटचं नसतं. बाई म्हणते, “याच्या खाली न्हाई देणार.” आपण कोंबडी हातात घ्यायची, छातीचं हाड चाचपायचं, खाली ठेवायची आणि चपला घालायच्या. अंगण ओलांडेपर्यंत ती हाक मारते. यात कुणाला कमीपणा नसतो. मी कमी करणार हे तिला माहीत असतं, म्हणून ती जास्त बोलते.

घरातही मी हेच करत होते, हे मला कुणी सांगितलं नाही.

माझी शाळा दहावीला सुटली. माहेर हिर्डोशी, तिथून भोरला कॉलेजला जायचं तर एसटीचा भरवसा नव्हता. मुलीसाठी तिथं खोली कोण घेणार, असं वडील म्हणाले. दोनच वर्षांनी धाकट्या भावासाठी खोली घेतली. तो आज भोरमध्ये कचेरीत खुर्चीवर बसतो. तेव्हा मी एक शब्द बोलले नाही, कारण घासाघीस करता येते हेच मला माहीत नव्हतं. घासाघीस नंतर आली, पण तोवर शाळा गेलेली होती.

म्हणून लेकीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मी सासरी, कामथडीत, कुणालाच बोलू दिलं नाही. तिला सोडायला मीच गेले. होस्टेलच्या बाईशी भांडून खिडकीजवळची कॉट मिळवली. गादी, बादली, कुलूप, सगळं भाव पाडून घेतलं. लेक दोनदा म्हणाली, “आई, हळू बोल.” समोरच्या कॉटवर एका शहरातल्या मुलीची आई बसली होती. सामान तसंच पडलेलं, आणि ही बाई मुलीला हळू आवाजात विचारतेय, “काय वाटतंय गं तुला?” मला हसू आलं. म्हटलं, आधी कॉट तरी धरा.

आठव्या दिवशी फोन आला. मी किकवीच्या ढाब्यावर माल उतरवत होते.

“आई, मी घरी येते. माझ्यानं न्हाई व्हणार. सगळे तास इंग्रजीत. काहीच कळत न्हाई.”

“गप. आठ दिसांत कुणाला कळतंय? दिवाळीला ये.”

“मग दर शनिवारी येऊ?”

“महिन्यातनं एकदा.”

“ह्या शनिवारी तरी?”

“गणपती जवळ आलेत. तवाच ये.”

मग ती म्हणाली, “बरं.”

खोटं कशाला सांगू, फोन ठेवताना मला बरं वाटलं होतं. कॉलेज सोडते म्हणणारी पोर घासाघिशीत गणपतीच्या सुट्टीपर्यंत खाली आली होती. संध्याकाळी घरी सांगितलं तर तिचे वडील म्हणाले, “आवाज कसा व्हता तिचा?” मी म्हटलं, “आवाज कसा असतोय? पोरीसारखा.” ते शेती बघतात, बोलणं-चालणं माझ्याकडं असतं.

गणपतीला आली ती दोन दिवस झोपून होती. मोदक केले, एक खाल्ला. जाताना एसटीच्या थांब्यावर म्हणाली, “आई, एक दिवस येशील का तिकडं? नुसती बसायला.”

“मी यिऊन काय करू? तुज्या मास्तरशी इंग्रजी बोलू?”

ती हसली. मलाही हसू आलं. गाडी आली, ती गेली.

दसऱ्यानंतर तिनं काही मागणंच सोडलं. मी फोन केला की “बरंय”, “जेवले”, “ठेवू का”. मला वाटलं, रुळली. मागणं थांबलं म्हणजे ठरलं, असंच मी आजवर समजत आले होते.

दिवाळीच्या चार दिवस आधी भावाचा फोन आला. “ताई, घरी थांब. पोरीला घेऊन येतोय.”

ती तीन आठवडे कॉलेजात गेली नव्हती. मेसमध्येही जात नव्हती. न्हाणीघरात चक्कर येऊन पडली तेव्हा होस्टेलच्या बाईंनी पालकांना फोन लावला. पालकांच्या जागी भावाचा नंबर होता. आधी माझाच होता, मी माझ्या हातानं लिहिला होता. तिनं मध्येच जाऊन बदलून घेतला.

गाडीतून उतरवताना मी तिचा दंड धरला. रोज मी कितीतरी कोंबड्या हातात धरते, काटा लावायच्या आधी वजन सांगते. तो दंड हातात आला आणि मी सोडून दिला. परत धरायची हिंमत झाली नाही.

ती आत जाऊन झोपल्यावर भावाला मी अंगणातच गाठलं. “माझ्या पोरीनं तुजा नंबर का द्यावा? काय शिकवलंस तिला?”

“काही नाही,” तो म्हणाला. “एकदा फोन आला होता. म्हणाली, मामा, लागलं तर याल का? मी हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं.”

त्याला ‘हो’ म्हणायला काय जातं? त्याला आयुष्यात सगळं पहिल्या बोलीत मिळालं. हे मी त्याला ऐकवलं, आणखीही बरंच ऐकवलं. तो चहा न घेता गेला. अजूनही आम्ही कामापुरतंच बोलतो, आणि त्यात माझी चूक किती नि त्याची किती, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तिचं ते वर्ष गेलं. भोरच्या डॉक्टरांकडं सहा महिने फेऱ्या झाल्या. हळूहळू जेवायला लागली. आता पुन्हा त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला जाते म्हणते. मी जा म्हटलं नव्हतं, जाऊ नको असंही म्हटलं नव्हतं.

परवा ती ओट्यावर फॉर्म भरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “एक सांगते. मी ये म्हटलं की यायचं. का, कशाला, विचारायचं न्हाई.”

माझ्या तोंडात आलं होतं, महिन्यातनं किती वेळा. ते गिळलं. म्हटलं, “येईन.”

पालकांच्या रकान्यात तिनं मामाचाच नंबर लिहिला. मी बघत होते हे तिला कळत होतं. खाली आणखी एक जागा मोकळी होती.

“तिथं माझा टाक,” मी म्हटलं. “दुसरा म्हणून.”

“बघू,” ती म्हणाली.

बघू म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे मला वीस वर्षं माहीत आहे. तरी मी तिथंच बसून राहिले. फॉर्म रविवारी पाठवायचा आहे.