दादाच्या कॉम्प्युटरला रॅम बसवली तेव्हा

दादाचं स्वरयंत्र काढून चार महिने झाले होते. एका संध्याकाळी मी भाजी द्यायला गेले, तेव्हा त्यानं पाटीवर लिहून दाखवलं, ‘रविवारी सकाळी ये. कॉम्प्युटर उघडायचाय.’

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कसबा बावड्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गाळा एवढासा, पण त्याचा आवाज शेजारच्या चार गाळ्यांना पुरायचा. दारात गिऱ्हाईक दिसलं की आतूनच ओरडायचा, “काय झालंय पावणं? चालू हुईना व्हय? ठेवा तितं, बघतो!” समोरच्या चहावाल्याला त्यानं कधी फोन केला नाही. खुर्चीतून हाक मारली की चहा यायचा. मी दोन गल्ल्या पलीकडं राहते, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. दिवसभर लोकांना ‘हळू बोला’ म्हणायचं माझं काम. आणि घरी आलं की हा भाऊ.

मग एकदा त्याचा घसा बसला. महिनाभर त्यानं हळद-दूध घेतलं, ज्येष्ठमध चघळला. आम्ही सगळे त्याची थट्टा करत होतो. “बरं झालं, बावड्याला जरा शांतता मिळाली,” असं मीच एकदा म्हणाले होते. पुढं तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, आणि दादा गळ्याला भोक घेऊन घरी आला. श्वास तिथूनच. त्यावर वहिनीनं शिवलेला पांढरा कापडी पडदा असायचा. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली होती. दुकान बंद करावं लागलं. उरलेलं सामान खोक्यांत भरून घरी आलं आणि त्याच्या पलंगाखाली गेलं.

रविवारी गेले तेव्हा कॉम्प्युटरचा डबा आधीच खिडकीखालच्या टेबलावर आडवा ठेवला होता. दादानं पाटी पुढं केली. ‘व्हिडिओ जोडायचेत. मधीच अडकतंय. रॅम वाढवायची.’

“कसले व्हिडिओ?”

त्यानं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. त्याची एकुलती एक लेक, माझी भाची. पुण्याला असते, तेव्हा तिला सातवा महिना लागत होता. डोहाळजेवण बावड्यातच करायचं ठरलं होतं. ती लहान असताना दादानं एक व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि तिचं रांगणं, पहिली सायकल, गॅदरिंगमधला नाच, सगळं टिपलं होतं आणि पुढं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. ते सगळं जोडून तिला द्यायचं होतं.

दादानं पाटी पुसली आणि लिहिलं, ‘आवाज काढायचाय.’

मला भरून आलं. त्या व्हिडिओंत दादा कुठंच दिसत नव्हता, कारण कॅमेरा कायम त्याच्याच हातात. पण त्याचा आवाज प्रत्येक चित्रात होता. “हिकडं बघ की! अगं तिकडं काय, हिकडं!” तो आवाज वेगळा काढून लेकीसाठी, येणाऱ्या नातवंडासाठी ठेवायचा असणार, असं मला वाटलं. मी पदर खोचला आणि म्हणाले, “सांग. काय करू?”

‘आधी वायर काढ येडे,’ त्यानं लिहिलं.

मी वायर काढली. त्यानं खुणेनं सांगितलं तसं चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. मग अंगातली वीज उतरावी म्हणून डब्याच्या पत्र्याला हात लावला. स्क्रू काढून झाकण सरकवलं, तर आत धुळीचा थर. वहिनी दारातून ओरडली, “त्यांना लांब बसवा आदी! गळ्यात धूळ गेली म्हंजे?” दादा तोंड वाकडं करून खुर्ची घेऊन मागं सरकला. मी रंगाच्या नव्या ब्रशनं धूळ काढली.

पलंगाखालच्या एका खोक्यात त्यानं तपासून ठेवलेल्या जुन्या रॅम होत्या. रॅम म्हणजे बोटभर रुंदीची हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दात. प्रत्येक पट्टीवर त्याच्या हातानं मार्करनं ‘ओके’ लिहिलेलं. दुकानात तो अभिमानानं सांगायचा, “माझा ओके म्हंजे ओके.” त्यातल्या दोन त्यानं निवडल्या. एक पट्टी सवयीनं ओठांजवळ नेली, फुंकर मारायला. गाल फुगले, पण तोंडातून वारा आलाच नाही. गळ्यावरचा पडदा तेवढा हलला.

मी पट्टी त्याच्या हातातून घेतली, साडीच्या पदरानं पुसली आणि विचारलं, “कुठल्या बाजूनं?”

आतली जुनी पट्टी काढून त्या दोन बसवल्या. पट्टीला एका जागी खाच असते, ती जुळली तरच बसते. दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबलं, टक् असा आवाज आला. वायर लावली, बटण दाबलं. पंखा फिरला. मॉनिटरचा पडदा काळाच. आणि डब्यातून आवाज आला, लांब, तीनदा. परत तीनदा.

दादानं डोळे मिटून ऐकलं. मग बोटानं हवेत पट्टी काढल्यासारखं केलं. रॅम लागली नाही, असं तो डबा सांगत होता.

परत काढलं. त्यानं टेबलाच्या खणातून पेन्सिलचा खोडरबर काढून दिला. सोनेरी दात रबरानं हलके घासायचे, मग कोरड्या कापडानं पुसायचे. घासलं, पुसलं, बसवलं. तरी तीन बीप. मग त्यानं लिहिलं, ‘एकेक लाव.’ पहिली एकटी लावली, कॉम्प्युटर चालू झाला. मी टाळी वाजवली. ती काढून दुसरी एकटी लावली. तीन बीप. तीच पट्टी दुसऱ्या जागेत लावली, तरी तेच.

“ही गेली असंल,” मी म्हणाले.

दादानं जोरात मान हलवली. माझ्या हातातून पट्टी ओढून घेतली आणि त्यावरचा ‘ओके’ माझ्या डोळ्यांसमोर धरला. मी पुन्हा लावली. पुन्हा काढली. चारदा, पाचदा. प्रत्येक वेळी तो खुर्चीतून पुढं वाकून त्या बीपकडं असा बघायचा, जणू गिऱ्हाईक त्याच्याशी खोटं बोलतंय. शेवटी वहिनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, “आवं, जाऊ द्या की. एखादी ऱ्हाते चुकून.”

दादानं पट्टी मांडीवर ठेवली. मार्करनं ‘ओके’वर काट मारायला गेला, पण बधिर बोटांतून मार्कर निसटून खाली पडला. मी उचलून दिला. त्यानं घेतला नाही. ती काट शेवटी मी मारली, त्याच्याकडं न बघता.

मग कॉम्प्युटरमधली आधीची पट्टी आणि खोक्यातली चांगली, अशा दोन लावल्या. कॉम्प्युटर एका दमात चालू झाला. पडद्यावर मेमरी दुप्पट दिसली. तरी दादाचं समाधान होईना. त्यानं रॅम तपासायचा प्रोग्रॅम लावायला लावला आणि आम्ही दुपारभर पडद्यावरचे आकडे सरकताना बघत बसलो. दोष दाखवणारी एकही लाल ओळ आली नाही. मग त्यानं एक व्हिडिओ उघडला. अडकला नाही. सायकलवरची चार वर्षांची भाची आणि मागून दादाचा आवाज, “पुढं बघ! पुढं बघ गं! मी धरलंय की मागनं!” धरलेलं नव्हतंच. हातात कॅमेरा होता. भाची पडली, आणि आवाज हसत हसत पळत गेला, चित्र जमिनीकडं झालं.

मी हसले. वहिनी हसली. दादानं हात पुढं करून आवाजाचं बटण खाली आणलं.

त्याचं तोंड मी पाहिलं होतं. पण दिवस चांगला गेला होता, मशीन चालू झालं होतं, आणि मला घरी जायचं होतं.

पुढच्या दोन आठवड्यांत मी त्या खोलीत फारशी गेले नाही. वहिनी सांगायची, दिवसभर बसलेले असतात, मान अवघडते तरी उठत नाहीत. मग एक दिवस त्यानं मला बोलावून तयार झालेला व्हिडिओ दाखवला. चित्रं सुरेख जोडली होती. रांगणं, सायकल, नाच, दहावीचा निकाल. आणि सगळ्याखाली बासरी. फक्त बासरी.

“दादा, तुझा आवाज?”

त्यानं मान डोलावली, झालं म्हणून.

“म्हंजे तू काढलास? काढून ठेवलास कुठं?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला काय वाटलं होतं ते त्याला त्या क्षणी कळलं असावं. पाटी मांडीवर घेऊन हळूहळू लिहिलं, ‘तिनं रडू नये.’ ते पुसलं. मग लिहिलं, ‘मला बी ऐकवत न्हाय.’

मी म्हणाले, “पण मूळचे व्हिडिओ हाईत न्हवं?”

त्यानं हात हलवला. तो हात ‘आहेत’ म्हणाला की ‘सोड’ म्हणाला, मला आजही सांगता येणार नाही. मी ‘आहेत’ धरलं. माझ्या पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता, ग्रंथालयाचा. त्यावर मूळचे व्हिडिओ मागून घेता आले असते. वाटलं, आत्ता नको, त्याला वाईट वाटंल. नंतर कधीतरी.

डोहाळजेवणाला घर भरलं होतं. टीव्हीवर तो व्हिडिओ लावला. बायका म्हणाल्या, किती सुंदर, अगदी सिनेमावानी. दादा भिंतीला टेकून बसला होता आणि टीव्हीकडं एकदाही न बघता लेकीच्या तोंडाकडं बघत होता. ती रडली नाही. हसत राहिली शेवटपर्यंत. दादाच्या तोंडावर इतका निवांतपणा मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा बघितला. नंतर स्वयंपाकघरात माझ्याशेजारी पान लावता लावता भाचीनं हळूच विचारलं, “आत्या, ह्यात बाबा कुठं हाईत गं?” मी लोणचं वाढत राहिले.

मुलगी झाली. दादानं तिला मांडीवर घेतलं, डाव्या हातावर, उशी लावून. ती रडायला लागली की तो जिभेनं चकचक करायचा, तेवढं त्याला येत होतं आणि तेवढ्यानं ती गप्पही व्हायची. ती दोन महिन्यांची असताना दुखणं फुप्फुसात उतरलं. फार दिवस लागले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर भाची म्हणाली, “आत्या, मूळचे व्हिडिओ काढून दे मला. आवाजासकट.”

मी कॉम्प्युटर लावला. तो लगेच चालू झाला, कुठंही न अडखळता. तयार व्हिडिओ होता. बाकी फोल्डर रिकामं. कचऱ्याची टोपली रिकामी. कॅमेऱ्याच्या कॅसेटी दुकान आवरताना मोडीत गेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी सगळी खोकी उपसली, पलंगाखाली डोकं घालून. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

“नगा शोधू,” ती म्हणाली. “त्यांनी पुसलं सगळं. मी हितंच बसल्ते. कानाला ते हेडफोन लावायचे, एकेक पुरा ऐकायचे. मग पुसायचे.”

“आणि तुम्ही अडवलं न्हाईत?”

“आवाज त्यांचा हुता,” वहिनी म्हणाली. “मी कोण अडवणारी?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र स्वतःचा राग आला, आणि अजून येतो. ते मशीन तसंच अडकत राहिलं असतं, तर दादानं वैतागून नाद सोडून दिला असता. पाच-सहा व्हिडिओंतच तो कंटाळला असता. मी त्याला सोपं करून दिलं. भाचीला मी सगळं सांगितलं. ‘आवाज काढायचाय’चा मी काय अर्थ लावला, पेन ड्राइव्ह पर्समध्ये असून कसा काढला नाही, सगळं. तिनं बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“तू न्हाय म्हणली असतीस तर त्यांनी आईकडनं, न्हायतर दुसऱ्या कुणाकडनं करून घेतलं असतं,” ती म्हणाली. “बाबांनी ठरवलं म्हंजे ठरवलं.”

मग तिनं मोबाईल काढला. दादाला व्हॉइस मेसेज पाठवायचा कंटाळा, तो सरळ फोन करायचा. पण एकदा तिचा फोन लागत नव्हता, म्हणून त्यानं एक पाठवला होता. घसा बसायच्या आधीचा. तिनं तो लावला.

“पोचलीस का गं? फोन लागंना तुझा. पोचलीस की सांग. आई जेवंना झालीया.”

एवढंच. मागं कुणाच्या तरी प्रिंटरची घरघर. वहिनी कणकेच्या हातांनी आतून आली आणि चौकटीपाशी थांबली. भाचीनं परत लावला. मग आणखी एकदा. आम्ही तिघी त्या एवढ्याशा फोनकडं बघत होतो. ती चौथ्यांदा लावणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, “बास कर आता. आधी कुठंतरी उतरवून ठेव ते, मग ऐक.”

मी उठून पेन ड्राइव्ह आणायला घरी गेले.